‘नवीन औषध सापडलं’ असा फॉरवर्ड आला की काय करायचं: बायपोलर डिप्रेशनचं संशोधन घरबसल्या कसं वाचायचं, आणि ट्रायलचा फॉर्म समोर आला तर काय विचारायचं

काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, बायपोलर डिप्रेशनवर एकच सलाईन, ७१ टक्के पेशंट बरे, खाली तीन वेळा हात जोडलेले. माझा धाकटा भाऊ त्याच ग्रुपवर आहे, त्याला बायपोलर आहे (मूड कधी फार वर तर कधी फार खाली, म्हणजे डिप्रेशनमध्ये, जाणारा आजार) हे काकांना माहीत, म्हणजे प्रेमानेच टाकलं होतं त्यांनी. पण तेव्हा त्याच्या डिप्रेशनचा चौथा आठवडा चालू होता, अंघोळ दोन दिवसाआड, ताटातलं जेवण तसंच, आणि रात्री दीड वाजता माझ्या दारात येऊन म्हणाला, ताई हे ठाण्यात कुठे मिळेल गं. मला काही सांगता आलं नाही, बघते म्हटलं आणि त्या रात्री खरंच बघायला बसले.

मी डॉक्टर नाही. ऐरोलीला एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणजे आकडा दिसला की शंका घ्यायची एवढंच येतं. राहतो कळव्याला. त्या रात्रीनंतर तीनेक वर्षं वाचत आलेय, भावाच्या डॉक्टरांना पिडत आलेय, एका ट्रायलचा (म्हणजे औषध माणसांवर तपासून बघायच्या अभ्यासाचा) फॉर्म सही न करता परत दिला आणि एकावर भावाने सही केली, त्यातून जे हाताला लागलं ते इथे लिहितेय. हे औषधाचं प्रिस्क्रिप्शन नाही हां, हे वाचून कोणी गोळी चालू किंवा बंद करू नका, डॉक्टरांकडे जाताना प्रश्न घेऊन जा एवढ्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या नाहीतर पुढचं काही समजणार नाही. बायपोलर म्हटलं की लोकांना तो वरचा काळ, म्हणजे मॅनिया, आठवतो (सौम्य असेल तर हायपोमॅनिया), रात्रभर जागा, क्रेडिट कार्ड खाली, बॉसला मेल वगैरे, कारण तो दिसतो आणि त्याच्या गोष्टी होतात. पण आयुष्य खातं ते डिप्रेशन. अमेरिकेत १४६ बायपोलर वन (ज्यात पूर्ण जोराचा मॅनिया येतो) पेशंट सरासरी जवळपास १३ वर्षं आठवड्या-आठवड्याने फॉलो केले होते, २००२ साली छापून आलं, त्यात सुमारे ३२ टक्के आठवडे डिप्रेशनमध्ये आणि ९ टक्के मॅनिया-हायपोमॅनियामध्ये गेलेले. बायपोलर टू वाल्यांचं (ज्यांना हायपोमॅनियापर्यंतच येतं) तर निम्मे आठवडे डिप्रेशन. माझ्या भावाला पहिली पाच वर्षं नुसतं ‘डिप्रेशन’ म्हणून ट्रीट केलं गेलं ते याचमुळे, खाली असतानाच माणूस डॉक्टरकडे जातो ना, वर असताना त्याला वाटतं आपण एकदम झकास आहोत.

आणि साध्या डिप्रेशनची गोळी इथे चालेलच असं नाही. स्टेप-बीडी नावाचा एक मोठा अभ्यास होता, अमेरिकेच्या सरकारी पैशातून, कंपनीच्या नाही. त्यातला एक भाग २००७ मध्ये छापून आला: ३६६ पेशंट, सगळ्यांना मूड स्टॅबिलायझर (लिथियम, व्हॅल्प्रोएटसारखी मूड स्थिर ठेवणारी औषधं) चालूच, त्यावर निम्म्यांना अँटिडिप्रेसंट (साध्या डिप्रेशनची गोळी) आणि निम्म्यांना डमी गोळी (दिसायला तशीच, आत औषध नाही), २६ आठवड्यांपर्यंत. सलग आठ आठवडे ठीक राहिलेले किती, तर अँटिडिप्रेसंटवाले २३.५ टक्के, डमीवाले २७.३ टक्के. म्हणजे वरून दिलेल्या गोळीने काही फायदा दिसलाच नाही. याचा अर्थ कोणालाच द्यायची नाही असा नाही, डॉक्टर काही पेशंटना विचार करून देतातही, पण ‘माझ्या मेहुणीला त्या गोळीने बरं वाटलं, तू पण घे’ हे इथे का चालत नाही ते यातून कळतं. म्हणूनच बायपोलर डिप्रेशनवर वेगळं संशोधन लागतं आणि वेगळी औषधं मोजकीच आहेत. अमेरिकेच्या औषध खात्याने खास या आजारासाठी मंजूर केलेली धरली तर २००३ ते २०२१ मध्ये पाच: ओलँझापिन-फ्लुओक्सेटिनची जोडी, क्वेटियापिन, लुरासिडोन, कॅरिप्राझिन, लुमाटेपेरोन. लिथियम आणि लॅमोट्रिजिन त्या यादीत नाहीत तरी डॉक्टर वापरतात, त्याची कारणं वेगळी, लॅमोट्रिजिनवर पुढे येतेच.

आता मुद्द्याचं. कुठलाही रिझल्ट वाचताना माझा एकच प्रश्न असतो, कशाच्या तुलनेत?

घोडबंदर रोडच्या बिल्डिंगची जाहिरात आठवा, ‘ठाणे स्टेशन अवघ्या १५ मिनिटांवर’. कधी? रात्री तीन वाजता, सगळे सिग्नल हिरवे असताना, कापूरबावडीला एकही ट्रक नसताना. आकडा खोटा नाही, पण तुम्ही सकाळी साडेआठला निघणार आहात. औषधाचे आकडे अगदी असेच वाचायचे.

खरं उदाहरण घेऊ. क्वेटियापिनची बोल्डर नावाची ट्रायल, २००५ मध्ये छापली, ५४२ पेशंट, ३६० बायपोलर वन आणि १८२ बायपोलर टू, आठ आठवडे. तीन गट पाडले, एकाला ६०० मिलिग्रॅम, एकाला ३००, एकाला डमी गोळी. डिप्रेशन मोजायला मॅड्रास नावाचं स्केल वापरतात (मद्रासचा काही संबंध नाही, बनवणाऱ्यांच्या नावावरून आलंय), दहा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते सहा मार्क, एकूण ६०, आणि इथे जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट. मार्क निम्म्याने उतरले तर त्याला रिस्पॉन्स म्हणतात. औषधाच्या दोन्ही गटांत रिस्पॉन्स आला साधारण ५८ टक्के. फॉरवर्ड बनवणारा इथेच थांबतो, ‘५८ टक्के पेशंट सुधारले!’ पण डमी गोळी घेणाऱ्यांतले पण ३६ टक्के सुधारले होते. नुसती डमी. कारण डिप्रेशन आपोआप पण चढतं उतरतं, दर आठवड्याला कोणीतरी तासभर नीट ऐकून घेतं त्याने फरक पडतो, आणि माणूस सगळ्यात खाली असतानाच ट्रायलमध्ये येतो त्यामुळे तिथून वर यायचीच शक्यता जास्त. म्हणजे औषधाची खरी कमाई ५८ वजा ३६, शंभरात २२. थोडक्यात साधारण पाच जणांना ती गोळी दिली तर एक जण असा निघतो जो गोळीमुळेच सुधारला. मी हे पहिल्यांदा एक्सेलमध्ये मांडलं तेव्हा हिरमुसले होते, पण डॉक्टर म्हणाले की या आजारात हा आकडा चांगलाच समजायचा.

आता त्याच ट्रायलमधली दुसरी ओळ जी फॉरवर्डमध्ये कधीच नसते. साइड इफेक्टमुळे मध्येच सोडून गेलेले: ६०० वाल्यांतले २६ टक्के, ३०० वाल्यांतले १६ टक्के, डमीवाल्यांतले ९ टक्क्यांच्या आसपास. फायदा दोन्ही डोसना जवळजवळ सारखाच आणि सोडून जाणारे एका बाजूला कितीतरी जास्त! हे वाचल्यावर डोस वाढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्या आमच्या बाबांना मी हे टेबल प्रिंट काढून दाखवलं. बाबा गप्प बसले, मग म्हणाले अक्षर मोठं करून आण. तरी एवढं कळलं त्यांना की डबल गोळी म्हणजे डबल बरं असं नसतं. झोप आणि वजन हे क्वेटियापिनचे ओळखीचे त्रास आहेत, भावाला पहिला महिना सकाळी अकरापर्यंत उठवायला लागायचं.

आता काकांच्या सलाईनकडे येऊ. ते केटामाइन. ७१ टक्के हा आकडा खरा आहे, २०१० च्या एका अभ्यासातला, पण पेशंट किती होते माहितीये? १८. आमच्या चाळीत गणपतीच्या मीटिंगला यापेक्षा जास्त लोक येतात. सगळे आधीची औषधं लागू न पडलेले, सगळ्यांना लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट चालू, आणि एका सलाईनचा डमीपेक्षा ठळक फरक टिकला तो तिसऱ्या दिवसापर्यंत. चाळीस मिनिटांत मूड उचलला गेला हे संशोधनाच्या दृष्टीने खरंच भारी आहे, त्याने पुढे बरेच दरवाजे उघडले, पण ‘बरे झाले’ हा शब्द तिथे बसत नाही. अजून एक गोची आहे. चांगल्या ट्रायलमध्ये कोणाला काय मिळालं ते पेशंटला पण माहीत नसतं आणि मार्क देणाऱ्यालाही नसतं, त्याला डबल ब्लाइंड म्हणतात. केटामाइनने थोडा वेळ माणूस आपल्याच शरीराबाहेर तरंगल्यासारखा होतो, मग त्याला कळणार नाही का आपल्याला खरं मिळालंय ते? इथे पडदा मुळातच फाटका. काकांना हे सगळं लिहून पाठवलं, त्यांनी अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी हळदीचा फॉरवर्ड टाकला, असो.

अठरा-वीसच्या अभ्यासाला नावं ठेवायची असं म्हणत नाहीये मी, सुरुवात अशीच होते. पण तुमच्या घरातल्या माणसाचं औषध त्यावरून ठरवायचं नाही.

मग किती दिवसांची ट्रायल होती ते बघा. बऱ्याचशा सहा ते आठ आठवड्यांच्या असतात आणि आपल्याला काळजी असते पुढच्या दहा वर्षांची. याची उलटी बाजू लॅमोट्रिजिनची. ते औषध हळूहळूच वाढवावं लागतं कारण घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठायचा धोका, जिवावर बेतू शकतं असं पुरळ, आणि व्हॅल्प्रोएट चालू असेल तर अजूनच हळू. पूर्ण डोसला पोचायलाच सहा आठवडे जातात. आता सात-आठ आठवड्यांच्या ट्रायलमध्ये त्याने काय दिवे लावायचे! एकेकट्या ट्रायलमध्ये ते काठावर नापास झालं, सगळ्या पाच ट्रायलचे पेशंट एकत्र करून २००९ मध्ये हिशोब केला तेव्हा थोडा फायदा दिसला. एक ट्रायल म्हणजे एक मॅच, सिरीजचा निकाल त्यावरून लावायचा नाही.

कोणाला घेतलं नाही ही यादी पण वाचा, तिला एक्सक्लूजन क्रायटेरिया म्हणतात. आत्महत्येचे विचार तीव्र असलेले, दारूची सवय असलेले, थायरॉइड बिघडलेला, गरोदर बायका, यातले बरेच जण बहुतेक ट्रायलमध्ये नसतातच. माझ्या भावाला थायरॉइड आहे (लिथियममुळे झालेला, हे पण होतं, म्हणून ते रक्त नियमित तपासायचं असतं). म्हणजे जे आकडे मी वाचतेय त्यात त्याच्यासारखा माणूस बसतो की नाही हे आधी बघायचं.

सगळं संशोधन गोळ्यांचंच असतं असंही नाही, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण याचे फॉरवर्ड कोणी करत नाही. २०१८ मध्ये एक अभ्यास छापला गेला, ४६ पेशंट, चालू औषधांच्या जोडीला दुपारी दिव्यासमोर बसायचं, निम्म्यांना ७००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) पांढरा प्रखर दिवा आणि निम्म्यांना ५० लक्सचा मंद लाल, आणि सहा आठवड्यांपर्यंत बघितलं. प्रखर दिव्यावाले ६८ टक्के ठीक झाले, लालवाले २२ टक्के. अभ्यास छोटाच, पण मला दोन गोष्टी आवडल्या, एक म्हणजे प्रकाशाची पण ‘डमी गोळी’ बनवता येते हे डोकं, आणि दुसरं म्हणजे वेळ दुपारची. आधी सकाळी देऊन बघितलं तेव्हा काही जणांचा मूड नुसता वर न जाता बेचैन, चिडका, मिक्स झाला होता म्हणून दुपार निवडली. आमची आई आधीपासून म्हणतेय गच्चीत उन्हात बस रे जरा, तिला हे सांगितल्यावर तिचा जो चेहरा झाला! पण गच्ची आणि मोजून मापून दिलेला दिवा एक नाही, आणि बायपोलरमध्ये प्रकाशानेसुद्धा माणूस वर जाऊ शकतो, त्यामुळे हे पण डॉक्टरांना विचारूनच. दुसरं, त्याच स्टेप-बीडीमध्ये थेरपीचा एक भाग होता, २९३ पेशंट, एका वर्षात इंटेन्सिव्ह थेरपीवाले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले आणि थोडक्यात समजावून सोडलेले साधारण ५२ टक्के. त्या थेरपीत फॅमिलीला सोबत बसवून केलेली होती, विचारांवर काम करणारी सीबीटी होती आणि झोप-जेवण-उठण्याच्या वेळा बांधणारी होती. या शेवटच्या प्रकारातलं वेळापत्रक आमच्या फ्रिजवर चिकटवलंय, संशोधनातून घरात उतरलेली तेवढी एकच गोष्ट रोज वापरात आहे.

हे सगळं मिळतं कुठे? इंग्रजी वाचायची तयारी असेल तर पबमेडवर (वैद्यकीय संशोधन शोधायची साइट) औषधाचं नाव आणि आजाराचं नाव टाका, सारांश फुकट असतो, वरचे सगळे आकडे तसेच मिळालेत. पण भारतात आत्ता काय चालू आहे ते बघायचं तर सीटीआरआय, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या खाली चालते, २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलना तिथे नोंद सक्तीची. साइट दिसायला जुनाट आहे, घाबरू नका. प्रत्येक ट्रायलचा सीटीआरआय ने सुरू होणारा नंबर असतो, तो टाकला की पैसे कोण लावतंय, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलमध्ये चालू आहे, मुख्य डॉक्टर कोण, एथिक्स कमिटीने (पेशंटच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणारी समिती) परवानगी दिली का, किती पेशंट घेणार, तुलना कशाशी, सगळं निघतं. मी आधी ‘तुलना कशाशी’ बघते, मग पैसे कोणाचे. कंपनीचे पैसे आहेत म्हणजे फ्रॉड असं नाही, बोल्डर पण कंपनीचीच होती, पण माहीत असलेलं बरं. आणि तारखा बघा, एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते. एक गैरसमज मात्र काढून टाका, तिथे नोंद आहे म्हणजे सरकारने औषध चांगलं म्हटलंय असं अजिबात नाही, नोंद म्हणजे नोंद.

आता ट्रायलमध्ये स्वतः जायची गोष्ट. आमच्याकडे ट्रायल म्हटलं की लोकांना खारघरचं टाटांचं कॅन्सर सेंटर आठवतं, किंवा मग थेट ‘उंदीर बनवतात’. आणि मानसिक आजार म्हटलं की ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल, १९०१ पासून आहे ते, त्यामुळे ‘ठाण्याला पाठवा याला’ हा जोक आम्ही इथलेच लोक जन्मभर ऐकतोय. दोन्ही बाजूने भीती. म्हणून नीट सांगते आमचं काय झालं.

पहिल्यांदा नवी मुंबईतल्या एका क्लिनिकमध्ये विषय निघाला, नाव घेत नाही. कोऑर्डिनेटर मुलगी गोड होती, पण बावीस पानांचा फॉर्म पुढे सरकवून म्हणाली, सर इथे इथे आणि इथे सही, फॉर्मॅलिटी आहे, औषध टेस्ट सगळं फ्री. भाऊ तेव्हा इतका खाली होता की त्याने पेन उचललं पण होतं. मी म्हटलं घरी नेऊन वाचतो, तर म्हणे आजच करा, सीट कमी आहेत. अहो हे काय तत्काळचं तिकीट आहे का? तिथून उठलो. घरी नेऊन वाचू न देणं हीच धोक्याची घंटा समजा, बाकी काही बघू नका. फॉर्म तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळायला हवा, मराठी हवा तर मराठी मागा.

दुसऱ्यांदा मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, तिथे डॉक्टरांनी स्वतः पाऊण तास बसून सांगितलं आणि म्हणाले आठवड्याने या. त्या आठवड्यात आम्ही जे प्रश्न काढले ते असे, आणि क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी, चालू गोळ्या बंद करायला लागणार का? काही ट्रायलमध्ये आधीची औषधं पूर्ण काढतात, त्याला वॉशआउट म्हणतात. लिथियमसारखं औषध झटकन बंद केलं की आजार उलटायचा धोका वाढतो, त्यामुळे आमची रेषा तिथेच होती, लिथियम सुटणार असेल तर नाही. ही ट्रायल ‘ॲड-ऑन’ होती, म्हणजे चालू औषध तसंच, वरून नवीन किंवा डमी. मग, डमी मिळायची शक्यता किती? इथे निम्मी निम्मी, कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो, डॉक्टरच्या हातात पण नसतं. मग, मध्येच बिघडला तर काय, रात्री कोणाला फोन करायचा, आणि कुठल्या पातळीला गेला की ट्रायल थांबवून नेहमीची ट्रीटमेंट चालू करणार? याचं उत्तर फॉर्ममध्ये पान नंबरसकट दाखवायला सांगा, ‘बघू ना तेव्हा’ चालणार नाही. मग, त्रास झाला तर खर्च कोणाचा. २०१९ च्या नवीन औषध आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि भरपाईच्या कारणांमध्ये हे पण आहे की उपलब्ध असलेली नेहमीची ट्रीटमेंट न देता डमीवर ठेवलं आणि त्यातून नुकसान झालं. हे मला माहीतच नव्हतं. आणि शेवटी, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का, की फायदा झाला तरी बंद? आमच्याकडे उत्तर होतं बंद, आणि ते त्यांनी सरळ सांगितलं म्हणून विश्वास बसला.

फॉर्मवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. त्या कमिटीत निदान सात माणसं लागतात, सगळे डॉक्टर नसतात, वकील आणि साधा सामान्य माणूस पण असतो, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. तक्रार तिथे करता येते.

सही कोणाची? त्याची. माझी नाही, बाबांची नाही. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये संशोधनासाठी वेगळं कलम आहे, ९९ नंबर, पेशंटची स्वतःची मोकळी, समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि जो अशी संमती देऊ शकत नाही पण विरोधही करत नाही त्याच्यासाठी राज्याच्या मेंटल हेल्थ अथॉरिटीची परवानगी घ्यावी लागते, घरच्यांनी हो म्हटलं की झालं असं नाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि म्हणून नेहमीची ट्रीटमेंट नाकारता येत नाही. बाबांना हे पटत नव्हतं, मी बाप आहे ना याचा, असं चाललेलं. तर भाऊ म्हणाला, बाबा, गोळी माझ्या पोटात जाणार आहे. एवढं स्पष्ट तो दोन महिन्यांत बोलला नव्हता, तेव्हाच मला वाटलं की हा सही करू शकतो.

ट्रायलच्या आधी निदान महिनाभराचा मूड चार्ट बनवा. फॅन्सी ॲप नको, वही पुरे, रोज एक ओळ, मूड उणे तीन ते अधिक तीन, झोप किती तास, गोळ्या घेतल्या का, बायकांनी पाळीची तारीख. डिप्रेशनमध्ये माणसाला वाटतं आपण कायमच असे होतो, मॅनियामध्ये वाटतं आपल्याला कधी काही झालंच नव्हतं, वहीला असलं काही वाटत नाही. आणि कोऑर्डिनेटरला प्रत्येक गोळी सांगा, डोकेदुखीची सुद्धा. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तातलं लिथियम वाढू शकतं, आणि मे महिन्यात घाम गाळून पाणी कमी पडलं तरी तेच, हात थरथरायला लागले, उलट्या, चाल अडखळायला लागली तर ट्रायल गेली उडत, आधी हॉस्पिटल गाठा.

जाण्यायेण्याचा हिशोब लोक करत नाहीत तो करा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बोलावत होते, उपाशीपोटी रक्त, सकाळी नऊला. कळव्याला फास्ट थांबत नाही, त्या वेळची स्लो म्हणजे काय ते इथल्यांना माहितीये. म्हणजे साडेपाचला उठणं, आणि बायपोलरमध्ये झोप तुटणं हीच सगळ्यात मोठी ठिणगी. मी डॉक्टरांना सरळ विचारलं की वेळ अकराची करता येईल का, रक्त घरच्या जवळ देता येईल का. वेळ बदलली, रक्त मात्र तिथेच. प्रवासाचा खर्च मागायला लाजू नका, तो मिळू शकतो, फॉर्ममध्ये लिहिलेला असतो. आम्ही दुसऱ्या व्हिजिटला विचारलं, तोपर्यंत रिक्षाच्या पैशाचं कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

आणि ट्रायल हा तातडीचा इलाज नाही. जिवाचं बरंवाईट करायचे विचार बोलून दाखवत असेल, किंवा तीन रात्री न झोपता एकदम जोरात असेल, तर कुठली रजिस्ट्री नि कुठला फॉर्म, सरळ डॉक्टर किंवा जवळच्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, घरातल्या गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, आणि त्याला एकट्याला सोडायचं नाही. रात्री कोणी बोलायला हवं तर टेली मानस, १४४१६, सरकारी आणि फुकट, मराठीत बोलतात. मी एकदा स्वतःसाठी केलाय तो फोन, सांभाळणाऱ्याने पण करायला हरकत नाही.

एक प्रश्न आम्ही विचारायला जवळजवळ विसरलो होतो, भावालाच आठवला. मला काय मिळालं होतं, खरी की डमी, ते नंतर सांगणार का? हे सगळीकडे सांगतात असं नाही म्हणून आधीच विचारून घ्या, आणि सांगणार असतील तर पत्ता आणि फोन लिहून द्या कारण सगळ्या सेंटरचे सगळे पेशंट संपेपर्यंत पाकीट उघडत नाही, त्यात घर बदललेलं असतं, नंबर बदललेला असतो. भावाचे आठ आठवडे गेल्या दिवाळीत संपले. मॅड्रासचे मार्क ३१ वरून १४ वर आले, अंघोळ रोज, आणि तलावपाळीला चक्कर मारायला स्वतःहून जातो. आई म्हणते खरीच गोळी होती, बाबा म्हणतात डमी, याने मनावर घेतलं म्हणून झालं, आणि भाऊ म्हणतो दर आठवड्याला ट्रेनमध्ये ताईशी दोन तास गप्पा झाल्या ते कुठल्या गटात धरणार. मामलेदारच्या मिसळीची पैज लागलीये. पत्र अजून आलेलं नाही.